भाड्याचं बेट

कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्यावर बूट काढून थेट स्वयंपाकघर गाठणारी, सिंकखालचं कपाट उघडून आत डोकं घालणारी आणि हुंगणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. अमेरिकेत, बर्फाळ ईडन प्रेरी गावात आम्ही नवीन टाउनहाउस घेतलं होतं, त्याची वास्तुशांत होती. दारात बुटांचा आणि जाड जॅकेटांचा ढीग, घरभर माणसं, आणि मी साडी सावरत प्रत्येकाला "या, बसा" म्हणत होते. तेवढ्यात माझा नवरा मंदार घाईघाईनं आला आणि माझ्या कानाशी पुटपुटला, "अगं, एक बाई सिंकखाली शिरल्यात."

जाऊन पाहते तर निळ्या काठाची पांढरी साडी नेसलेल्या, पिकल्या केसांच्या एक बाई ओणव्या होऊन कपाटात श्वास घेत होत्या. सावकाश बाहेर आल्या, पदर झटकला आणि ओळखपाळख काही नसताना म्हणाल्या, "पाइप झिरपून राहिला आहे. बिल्डरला उद्याच फोन कर, नाहीतर खालची फळी फुगते. आणि मसालेभाताचा वास झकास आहे हो."

पाइप खरंच झिरपत होता. मंदारनं त्याच दिवशी त्यांचं नाव इन्स्पेक्टर मावशी ठेवलं, आणि ते आमच्या गोतावळ्यात असं रुळलं की त्यांचं खरं नाव सुनंदा मेश्राम आहे हे नव्यानं आलेल्या लोकांना वेगळं सांगावं लागायचं.

मावशी मूळच्या नागपूरच्या. मायक्रोबायॉलॉजी शिकून अमेरिकेत आल्या आणि एका खाद्यपदार्थांच्या कंपनीच्या लॅबमध्ये बुरशी आणि जिवाणू बघण्यात त्यांची नोकरी संपली. त्यामुळे एरवी ज्या गोष्टीला आपण 'शी' म्हणतो तिच्याकडे त्या अत्यंत जिव्हाळ्यानं बघत. पाहुणा म्हणून गेलेल्या घरात फ्रीजच्या रबराची घडी उलगडून बघायला त्यांना काही वाटायचं नाही. बोलण्यात नागपूर शाबूत होतं. "काहून?" आणि "होय ना बापा" या दोन उद्गारांवर त्या कुठलाही वाद जिंकू शकत.

घर तपासायची त्यांची पुढची पायरी बसण्याची होती. आमच्या ओळखीत कोणी घर घ्यायला निघालं की मावशींना बरोबर न्यायचं. एजंट बाई काउंटरटॉपचं कौतुक करत असायची आणि मावशी रिकाम्या बेडरूममध्ये भिंतीला पाठ टेकून, मांडी घालून, फरशीवर शांत बसलेल्या असायच्या. "उभ्यानं घर दिसतं. कळतं ते बसल्यावर," त्या म्हणायच्या. बसल्यावर त्यांना शेजारच्या हायवेचा घरघराट ऐकू यायचा, हीटरची हवा कुठे पोचत नाही ते समजायचं, आणि एकदा तर भिंतीत उंदरांचं कुटुंब राहतं हेही समजलं होतं. त्या एजंट बाईनं नंतर आमच्या मित्राला फोन करून विचारलं होतं, "तुमची ती आंटी पुढच्या वेळी येणार आहे का?"

मेश्राम काका याच्या अगदी उलट. ते सिव्हिल इंजिनिअर, पण फक्त ऑफिसात. बाहेर ते प्रेमात पडणारे गृहस्थ होते. टीव्हीवर चाकूंचा सेट बघितला, पडले प्रेमात. रस्त्यानं जाताना कोणाच्या अंगणात जुनी कयाक होडी विकायला दिसली, घेतली. पोहता येत नव्हतं तरी. ती कयाक त्यांच्या गॅरेजमध्ये उभी होती आणि तिच्यात मावशी कांदे ठेवायच्या.

एका हिवाळ्यात काका ड्राइव्हवेवरच्या बर्फावरून घसरले आणि मनगट मोडून बसले. प्लास्टर निघाल्यावर त्यांच्या मुलीनं, पल्लवीनं, दोघांना हवाईच्या मोठ्या बेटावर फिरायला पाठवलं. काका परत आले ते वेगळेच होऊन. फुलाफुलांचा शर्ट घालून ते बाहेरच्या बर्फाकडे असं बघायचे, की जणू त्याच्याशी आता त्यांचा संबंधच उरला नव्हता.

चौदा एप्रिलला आमच्याकडच्या कम्युनिटी हॉलमध्ये बाबासाहेबांची जयंती व्हायची. मावशी-काका त्यातले मुख्य. आम्ही दोघं दर वर्षी जायचो; मंदार खुर्च्या लावायला, मी पानं वाढायला. त्या वर्षी भाषणं झाली, बुद्धवंदना झाली, आणि जेवणाच्या आधी आभार मानायला उभे राहिलेले काका आभार मानता मानता म्हणाले, "आणि एक आनंदाची बातमी. आम्ही इथलं घर विकून हवाईला घर घेतोय. बघून ठेवलंय."

टाळ्या पडल्या. मावशी तेव्हा भाजी वाढत होत्या. त्यांनी डाव तसाच हातात धरून विचारलं, "कधी बघितलं?"

"अगं, आपण त्या धबधब्याला गेलो होतो ना, तेव्हा. डाव्या हाताला. निळं छप्पर."

"गाडीतून?"

"गाडी स्लो केली होती मी."

हॉलमध्ये हसण्याची लाट उसळली. मावशी हसल्या नाहीत. त्या माइकशिवाय, पण मागच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घर विकू. बेटावर जाऊ. पण घेणार काही नाही. आधी भाड्यानं राहू. बापा, सुटीत सगळीच गावं चांगली असतात."

"या वयात मला भाडेकरू करतेस?" काका म्हणाले. गमतीत म्हणाले, पण त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता.

त्यामागचं कारण मला कळलं ते त्यांचं सामान बांधताना. मी बेसमेंटमध्ये त्यांना मदत करत होते. तेव्हा मावशींनी सांगितलं, की काका मॅट्रिकला असताना, ऐन परीक्षेच्या दिवसांत घरमालकानं त्यांच्या कुटुंबाचं सामान रस्त्यावर काढलं होतं. काकांनी भूमितीचा पेपर एका ओळखीच्याच्या ओट्यावर अभ्यास करून दिला होता. तेव्हापासून स्वतःच्या नावाचं घर हा त्यांचा जीव होता. ईडन प्रेरीचं घर विकायला ते तयार झाले, कारण तिकडे लगेच दुसरं घ्यायचं त्यांनी मनात पक्कं धरलं होतं.

"मग घेऊ द्या ना त्यांना," मी म्हटलं.

मावशी जुन्या स्वेटरांची घडी घालत होत्या. म्हणाल्या, "माझे बाबा पोस्टात होते. सारख्या बदल्या. नवीन गावी गेलं की बाबा मला बोटाला धरून खोल्या बघायला न्यायचे. पोरगी बरोबर असली की लोक नीट बोलतात म्हणून. खोली रिकामी दिसायची, उघडून दाखवायचे, पंखा लावून दाखवायचे. मग विचारायचे, आडनाव काय? आणि आडनाव सांगितलं की समोर रिकामी दिसणारी ती खोली कालच कोणाला तरी दिलेली असायची. एवढी माणसं काल खोल्या घेऊन गेली, पण राहायला कोणी येत नव्हतं बघ." त्या हसल्या. "मग बाबांनी पद्धत बदलली. दार उघडलं की नमस्कारासोबतच पूर्ण नाव सांगायचे. मोठ्यानं. म्हणाले, पंख्याचा तरी वेळ वाचतो."

मी पुढचा स्वेटर त्यांच्या हाती दिला. त्यांनी स्वेटर खोक्यात दाबला. "यांना मालकानं काढलं, म्हणून यांना मालक व्हायचं आहे. मला मालकांनी घेतलंच नाही, म्हणून मला आता निवडायचं आहे. चार घरं बघू दे, राहू दे, आणि नापास करू दे मला. मग बघू."

अशा रीतीनं दोघं बेटावर गेले. काकांची इच्छा म्हणून पहिलं भाड्याचं घर त्या निळ्या छपराच्या शेजारच्याच रस्त्यावर घेतलं, हिलो गावाच्या बाजूला. सुरुवातीचे काकांचे फोन म्हणजे निव्वळ काव्य होतं. "काय हिरवं आहे गं! दारात पपई, मागे केळी, पाण्याचं बिलसुद्धा नाही, छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत जातं आणि तेच नळाला येतं!" मागून मावशींचा आवाज यायचा, "टाकीत बेडूक आहे हेही सांगा."

बेडूक हा त्या घरातला तिसरा भाडेकरू होता. एक नव्हे, हजारो. नखाएवढे बेडूक, पण प्रत्येकाच्या गळ्यात पोलिसाची शिट्टी. अंधारून आलं की भरदुपारीसुद्धा त्यांची 'कोऽकी, कोऽकी' सुरू व्हायची आणि फोनवर काकांना ओरडून बोलावं लागायचं. ते म्हणायचे, "निसर्गसंगीत!" आणि आम्ही ओरडून विचारायचो, "काय?"

आणि पाऊस. अमेरिकेतल्या सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या गावांपैकी ते एक गाव आहे, हे काकांना सुटीतल्या त्या एका कोरड्या दुपारी कसं कळणार? पापड तळून ताटात पडेपर्यंत मऊ व्हायचा. मिठाचा दगड झाला. पुस्तकांची पानं नागमोडी झाली. एके दिवशी काकांनी कपाटातून पल्लवीच्या लग्नात घातलेला सूट काढला, तर त्यावर राखाडी-हिरवी लव उगवलेली. काका हादरून बघत राहिले. मावशी मात्र भिंग घेऊन आल्या, कॉलरजवळ वाकल्या आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, काय सुंदर कॉलनी आहे!"

काकांना वाटलं, अखेर हिला ही वस्ती आवडली. ते आनंदानं म्हणाले, "मग इथेच घ्यायचं ना घर?"

हा किस्सा मावशींनी मला फोनवर सांगितला तेव्हा सांगता सांगता त्यांना इतकं हसू आलं, की शेवटी फोन काकांनीच घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "हसू दे तिला. सूट मी फेकलाय. आपण कोरड्या बाजूला चाललोय."

कोरडी बाजू म्हणजे कोना. तिथे समुद्रासमोरचा एक अपार्टमेंट भाड्यानं मिळाला. पाऊस नाही, बेडूक नाहीत, बाल्कनीतून सूर्यास्त. काका पुन्हा प्रेमात पडले आणि मजल्यावरचा शेजारचा फ्लॅट विकायला आहे ही बातमी घेऊन आले. मावशी म्हणाल्या, "थांबा. या बाजूला अजून बसून बघितलं नाही मी."

बसून बघितल्यावर पहिल्यांदा कळला तो कोंबडा. त्या बेटावर कोणाच्याही मालकीचे नसलेले कोंबडे मोकळे हिंडतात. हा एक बरोबर काकांच्या खिडकीखालच्या भिंतीवर उभा राहून दिवसभर आरवायचा. काका त्याला हाकलायला टॉवेल फडकावत खाली जायचे आणि तो चार पावलं सरकून त्यांच्याकडे तिरक्या मानेनं बघायचा. मग कळली खारी हवा. बॅगांच्या चेना गंजून बसल्या, तवा रोज तांबडा व्हायचा, काकांच्या चष्म्याचा स्क्रू मोडला. आणि मग ज्वालामुखी जागा झाला. तो त्यांच्या घरापासून लांब होता, लाव्हाची भीती नव्हती, पण त्याचा गंधकाचा धूर वाऱ्याबरोबर डोंगराला वळसा घालून याच बाजूला येऊन साचायचा. समोरचा समुद्र दिसेनासा व्हायचा आणि काका खोकायला लागायचे.

"हे काय?" मावशी विचारायच्या.

"घसा साफ करून राहिलो."

"सकाळपासून?"

एका दुपारी त्यांचा घसा काही साफ होईना आणि मावशींनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी इनहेलर दिला आणि विचारलं, "घर घेतलंय का इथे?" मावशींनी मोठ्या समाधानानं सांगितलं, "नाही. भाड्याचं आहे." पंधरवड्यात बाडबिस्तरा पुन्हा गाडीत. शेजारचा फ्लॅट आयोवाच्या एका जोडप्यानं घेतला होता. ते बिचारे खिडक्या बंद करून आत बसलेले काकांना निघताना दिसले. त्यानंतर काका त्या फ्लॅटचं नाव काढेनासे झाले.

तिसरं घर मात्र मी स्वतः पाहिलं आहे. डोंगराच्या उतारावर, कॉफीच्या बागांच्या पट्ट्यात, जिथवर धूर चढत नाही आणि पाऊस दुपारी थोडाच पडतो. पुढे एक जुनं लाकडी घर, अंगणात आंब्याचं झाड, आणि मागे दोन खोल्यांचं छोटं बिऱ्हाड. असं मागचं बिऱ्हाड तिकडे पुष्कळ घरांना असतं, त्याला ओहाना म्हणतात. मालकीण लानी आंटी. हवाईच्याच, विधवा, उंच, धिप्पाड, कानामागे फूल. त्यांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली होती आणि त्या समोरच्या प्रत्येक माणसाशी, तो गुडघे धरून चालणारा असला तरी, त्यानं अजून सीटबेल्ट लावलेला नाही अशा आवाजात बोलायच्या.

त्यांची पहिली भेट काकांनी मला साभिनय करून दाखवली होती. लानी आंटींनी दार उघडलं. मावशींनी बूट काढायच्याही आधी, सवयीनं, खणखणीत आवाजात सांगितलं, "सुनंदा मेश्राम." आणि मग त्या समोरच्या डोळ्यांकडे बघत थांबल्या. काका म्हणाले, "ती अशी थांबते ना, तेव्हा मला अजून धडधडतं." लानी आंटींनी कपाळाला आठ्या घातल्या. ओठांनी नाव जुळवून पाहिलं. मग हात झटकून म्हणाल्या, "टू लाँग. आंटी सू. कम इन, राइस इज हॉट."

मावशी आत गेल्या, आणि सिंकखालचं कपाट न उघडताच जेवायला बसल्या. काकांच्या म्हणण्याप्रमाणे लग्नानंतर असं पहिल्यांदाच घडलं होतं. जेवणानंतर मात्र उघडलं.

आम्ही गेलो तेव्हा दोघी इतक्या एकमेकींत मिसळल्या होत्या, की कोण भाडेकरू आणि कोण मालकीण हे कळायला वेळ लागला. एकमेकींचं इंग्रजी दोघींना निम्मंच कळायचं. त्यामुळे भांडण कधी पूर्ण व्हायचं नाही. मावशी त्यांच्या माशांच्या भांड्यात मसाला टाकायच्या, त्या मावशींच्या वरणात नारळाचं दूध. काका पायऱ्यांवर बसून पुढच्या घराकडे बघत असायचे. ती नजर मी ओळखली. कयाक आणतानाही ती तशीच होती.

आणि आम्ही तिथे असतानाच नेमकं ते पुढचं घर विकायला निघालं. लानी आंटींचा मुलगा बायको-मुलांना घेऊन लास व्हेगासला स्थायिक झाला होता. बेटावर जन्मलेल्या पोरांना बेटावर घर परवडत नाही, म्हणून तिकडची कितीतरी माणसं वाळवंटात जाऊन राहतात. तो आईला म्हणत होता, विक आणि ये. आंटींनी काकांना विचारलं, "अंकल, तुम्हाला हवंय का?"

काकांना आणखी काय हवं होतं? पाऊस बेताचा, धूर नाही, कोंबडा लांब, मालकीण ओळखीची. ते मावशींपुढे उभे राहिले. "आता तुझी सगळी परीक्षा झाली. आता मी घेणार."

"बसून बघते," मावशी म्हणाल्या.

त्या एक अख्खी सकाळ पुढच्या घरात होत्या. आम्ही तिघं मागच्या पायऱ्यांवर निकालाची वाट बघत बसलो होतो. काका सारखे म्हणत होते, "वाळवी काढेल बघ ही. नक्की वाळवी काढेल." मावशी दुपारी आल्या. आल्या त्या शांतपणे काकांच्या शेजारी टेकल्या.

"घर पास," त्या म्हणाल्या.

काकांनी मंदारच्या पाठीवर थाप मारली.

"मालकीण नापास. ती मला खोल्या दाखवायला निघाली आणि प्रत्येक खोलीत बसून राहिली. इथे नवरा गेला, इथे पोरगा चालायला शिकला. मला म्हणाली, घेतल्यावर आंबा तोडू नका. अहो, तिला विकायचं नाहीये. पोराला नाही म्हणता येत नाही म्हणून विकून राहिली आहे."

"विकायचं तर ती म्हणतेय ना?"

"सामान बाहेर काढायला मालकच लागतो असं नाही," मावशी म्हणाल्या. "चांगलं गिऱ्हाईकसुद्धा काढू शकतं."

काका उठून आंब्याखाली जाऊन उभे राहिले, ते संध्याकाळपर्यंत आलेच नाहीत. आमच्या सुटीचे उरलेले दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत. मावशींनी त्यांना समजावलं नाही. फक्त त्यांच्या ताटात त्यांच्या आवडीचं वाढत राहिल्या. निघायच्या आदल्या दिवशी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आरशासमोर काहीतरी इंग्रजीत पाठ केलं आणि पुढच्या घरी गेले. थोड्या वेळानं आम्हाला लानी आंटींच्या हुंदक्यांचा आवाज आला. मंदार धावणार होता. मावशींनी त्याला हातानं थांबवलं. काका परतले तेव्हा त्यांच्या खांद्यावर पाण्याचा डाग होता आणि हातात केकची मोठी ताटली.

"मी तिला सांगितलं," ते छाती काढून म्हणाले, "की विकू नका. मुलाशी मी बोलतो. आम्ही मागे आहोत, तुम्हाला सोबत आहे. माझ्याच डोक्यात आलं हे."

"होय ना बापा," मावशी म्हणाल्या आणि केकचा तुकडा तोडला.

पुढे अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून घर बघायला कोणी आलं की काका त्यांना कॉफीच्या दुकानात गाठून भाषण द्यायचे: आधी भाड्यानं राहा, ओल्या बाजूला राहा, कोरड्या बाजूला राहा, मग बोला. हे सगळं तत्त्वज्ञान स्वतःचंच असल्यासारखं सांगायचे. मावशी शेजारी बसून अगदी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं तोंड करायच्या.

त्यांची ती वर्षं फार सुखाची गेली. काका समुद्रात कमरेपर्यंत जायला शिकले. मावशींनी लानी आंटींच्या मैत्रिणींना बुरशी ओळखायला शिकवलं, आणि त्या बायका आता एकमेकींच्या कपाटांत डोकी घालून फिरतात असं कानावर आलं. चौदा एप्रिलला अंगणात आंब्याखाली टेबलावर बाबासाहेबांचा फोटो ठेवून दोघं वंदना म्हणायची. दुसऱ्या वर्षापासून लानी आंटी त्या फोटोला स्वतः ओवलेला हार घालायला लागल्या. "हू इज दिस अंकल?" असं त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मावशी दुपारभर सांगत होत्या म्हणे.

मग मावशींचं पोट दुखायला लागलं. बेटावरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, की हे इथं होणारं काम नाही. प्रत्येक उपचाराला विमानानं दुसऱ्या बेटावर जावं लागेल. पल्लवी टेक्सासला अर्विंगमध्ये राहते, ती म्हणाली, "बाबा, इकडे आणा." ज्या माणसाला त्या डोंगरावरून हलवणं कोणाला शक्य वाटलं नसतं, त्यानं एका दुपारीत लानी आंटींना सांगून सामान आवरलं. गॅरेजमधली कयाक जशी मागे सोडली होती तसंच बेटही सोडून दिलं, आणि मावशींची चाकाची खुर्ची ढकलत विमानात बसले.

मी अर्विंगला भेटायला गेले. मावशी पलंगावर लहानशा झाल्या होत्या, पण डोळे तेच. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "यांना विचार, घर विकत घेतलं असतं तर आज कुठे असते?"

काका खिडकीशी उभे होते. "बरोबर होतीस," ते म्हणाले.

"काय? ऐकू नाही आलं. बेडूक ओरडून राहिले."

"तू बरोबर होतीस," काका मोठ्यानं म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. मावशींनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं आणि मग काकांचा हात ओढून स्वतःच्या गालाखाली घेतला. त्या वसंतात त्या गेल्या.

निरोपाच्या दिवशी अर्विंगमधल्या त्या हॉलमध्ये पांढऱ्या साड्यांच्या गर्दीत अचानक एक उंच बाई शिरली. पायात रबरी सपाता, फुलाफुलांचा झगा, हातात फुलांच्या माळांचं खोकं. लानी आंटी आयुष्यात पहिल्यांदा टेक्सासला आल्या होत्या. पालीतली वंदना त्यांना येत नव्हती, पण चाल येत होती. त्या शेवटपर्यंत गुणगुणत राहिल्या. मग काकांकडे गेल्या आणि बसमधल्या आवाजात म्हणाल्या, "अंकल, खोली झाडून ठेवलीय. बॅग कुठे आहे?"

पल्लवीनं वडिलांसाठी आपल्या शेजारचं घर बघून ठेवलं होतं. छान होतं, नवीन होतं. काकांनी तिला जवळ घेतलं. म्हणाले, "बेटा, मला तिकडे नीट झोप लागते. हिवाळ्यात येईन ना तुझ्याकडे." ती रडली, आणि मग तिनंच बॅग भरली.

विमानतळावर पल्लवी आणि मी दोरीच्या अलीकडे उभ्या होतो. पलीकडे तपासणीच्या काउंटरवरच्या तरुण अधिकाऱ्यानं एकदा काकांकडे पाहिलं, एकदा त्यांची बॅग घट्ट धरून उभ्या असलेल्या त्या धिप्पाड बाईकडे, आणि विचारलं, "तुम्ही एकाच कुटुंबातले?"

"ही इज माय टेनंट," लानी आंटींनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं.

भाडेकरू! काका हसले. डोळे पुसत, खांदे हलवत, मागच्या माणसाला थांबावं लागेल इतके हसले. मावशी गेल्यापासून आम्ही त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. पल्लवीनं माझा हात घट्ट धरला. आंटींनी काकांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना पुढे काढलं, आणि ते दोघं रांगेतून दिसेनासे होईपर्यंत आम्ही तिथेच उभ्या राहिलो.